नाण्याची परीक्षा आणि वाणीची परीक्षा



गेल्या आषाढी वारीत फलटणच्या मुक्कामी आम्ही राहुटीत जरा टेकलो होतो. इतक्यात एक वृद्ध माउली आली. पाया पडणे झाले आणि तिने कनवटीची गाठ सोडून एक पिवळट नाणे आमच्या हातावर ठेवले. एका अंगास श्रीरामाचा दरबार. दुसऱ्या अंगास इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, एक आणा, आणि सन १८१८.

ती म्हणाली, "महाराज, हे खरं का खोटं तेवढं सांगा. पोरगं रान गहाण टाकाया निघालंय."

हकीकत अशी की, कोणी एक इसम मुलास भेटला. हे नाणे तांदूळ ओढते, परदेशी कोटीला जाते, मात्र आधी तपासणीची फी म्हणून पन्नास हजार भरा, असे त्याने सांगितले.

आम्ही विचारले, "माउली, हे आलं कुठून?"

"मालकांनी जत्रेत घेतलं. तुमचंच कीर्तन ऐकून. आमच्या सप्त्यात पाटलांनी असलंच नाणं तुम्हाला दाखवलं. तुम्ही ते कपाळाला लावलंत आन म्हणालात, कंपनी सरकारला बी रामरायाचं नाणं पाडावं लागलं!"

आम्हांस ते स्मरले. वीसएक वर्षे झाली असतील. त्या वाक्याला टाळी मोठी पडली होती. पुढे दोन-चार वर्षांनी नाण्यांचा नाद असलेल्या एका स्नेह्याने आमची चूक आम्हांस दाखवली. आम्ही ती मनात ठेवली. पण ज्या गावी बोललो त्या गावी जाऊन ती दुरुस्त केली नाही. ते वाक्य तिथे तसेच राहिले, आणि आता ते माउलीच्या रानापर्यंत आले होते.

स्नेह्याने सांगितले ते असे. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या साली, कंपनीच्या बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांची नाणी निरनिराळी होती. ती एकसारखी झाली १८३५ साली. आणि त्या नव्या नाण्यांतही पाव आणा, अर्धा आणा होता, एक आण्याचे नाणे नव्हते. चलनात ते आले विसाव्या शतकाच्या आरंभी, सातव्या एडवर्डच्या काळी. शिवाय या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ आणि अंगावर बारीक छिद्रे, म्हणजे ठोकलेले नव्हे, साच्यात ओतलेले. असली नाणी १६१६, १७१७, १८१८ असे सोपे सन घालून विकायला केलेली असतात.

मग राज्यकर्त्यांनी देवाचे नाणे पाडलेच नाही काय? पाडले आहे. अकबराच्या अखेरच्या वर्षांत, १६०४-०५ च्या सुमारास, राम-सीतेचे चित्र व नागरीत नाव असलेली नाणी निघाली. कंपनीच्याच मद्रासच्या काही होनांवर देवींसह विष्णू आहे. खरे इतके असता आम्ही खोट्याच्या आधाराने देवाची थोरवी सांगितली, हे विशेष!

स्नेह्याने एक शिवराईही हातावर ठेवली होती. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. पण ठसा मोठा व चकती लहान, म्हणून अक्षरे कडेला तुटलेली. आम्हांस वाटले, हीच खोटी. तो हसला. म्हणाला, "बुवा, हाताने ठोकलेलं नाणं असंच असतं. फार देखणं दिसलं की आधी शंका घ्यावी."

आम्ही माउलीस हे सांगू लागलो तेव्हा शेजारी बसलेल्या एका कीर्तनकार बंधूंनी आम्हांस डोळ्याने खुणावले. हळूच म्हणाले, "बुवा, कशाला? म्हातारीचा भाव मोडेल. भाव खरा आहे ना, मग नाणे कसेही असो."

हा प्रश्न वरवरचा नाही. त्याचा विचार केला पाहिजे.

शाळिग्राम हा पाषाण आहे. आपण जाणतो की पाषाण आहे, आणि तरीही तुळस वाहतो. हा हिरा आहे असे खोटे सांगून कोणी त्याची पूजा करवीत नाही. जाणून केलेली पूजा सत्याला भीत नाही. तेव्हा पितळेवरच्या रामास नमस्कार करण्यात खोटे काही नाही. पूजेसाठी म्हणूनच पाडलेल्या रामटंका पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यांत आहेत. त्या कधी चलन नव्हत्या, आणि त्यात त्यांचा कमीपणाही नाही. पण 'हे कंपनीचे नाणे' हे वाक्य भावाच्या अधिकारातले नव्हे. ते खरे की खोटे हे सन, वजन, घडण पाहूनच ठरते. भावाने पितळेत देव पाहता येतो. पितळेचे चलन करता येत नाही.

वेदान्तात शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याचा दृष्टान्त आहे. रुपे भासले की हात पुढे जातो तो लोभाने. शिंपला कळला म्हणजे लोभ जातो, शिंपला कुठे जात नाही. लबाड मनुष्य नेमका येथे शिरतो. भक्तीच्या पदराआड तो लोभाला हात घालतो. तांदूळ ओढण्याची करामत म्हणजे कुठे तांदळात मिसळलेला लोखंडाचा चुरा आणि लपवलेला लोहचुंबक. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांस सावध केले होते की, जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारात आपल्या नावाने कोणी फी वा कर मागितल्यास देऊ नये.

आणि आमचे काय? पाठशाळेत आम्ही न्याय शिकलो. आप्त कोण? ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो. त्या सप्त्यात आम्ही न जाणता बोललो. जाणल्यावर बोललो नाही. दोन्ही वेळा आप्तपण गेले. पहिला दोष अज्ञानाचा, त्याला क्षमा आहे. दुसरा भिडेचा. टाळी परत द्यावी लागेल याचे भय वाटले, एवढेच त्याचे कारण.

आम्ही माउलीस म्हणालो, "हे चलन नव्हे. फीचा एक पैसा देऊ नका. चूक आमची."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग देव्हाऱ्यात ठिवू का नको?"

"ठेवा. वरचा राम रामच आहे. फक्त विकू नका."

नाणे पुन्हा कनवटीला गेले. उठता उठता म्हणाली, "पोरगं माझं ऐकायचं न्हाई. तुम्ही गादीवरनं बोललात, गादीवरनंच सांगा."

म्हणून यंदा त्या गावच्या सप्त्यात, त्याच नारदाच्या गादीवरून, आम्ही अभंग लावण्याआधी ही हकीकत सांगितली. टाळी पडली नाही. मंडपात मागे खांबाला टेकून माउलीचा मुलगा उभा होता. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

कीर्तनकार बंधूंस एवढीच विनंती, की कोणी जुनी वस्तू हातावर ठेवली तर नमस्कार जरूर करावा, पण निवाडा जाणकारावर सोपवावा. आणि चुकून बोलून गेलो असू, तर जिथे बोललो तिथे जाऊन परत घ्यावे.

रामकृष्णहरि.