दिव्य चक्षू आणि खोडदच्या तीस तबकड्या



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८.

संदर्भ पटकन सांगतो. अर्जुनाने विश्वरूप बघायचं म्हणून विनंती केली आहे. भगवंत म्हणतात, तुझ्या या डोळ्यांना ते दिसायचं नाही, म्हणून मी तुला दिव्य दृष्टी देतो. बस, एवढाच श्लोक.

हा श्लोक आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: 'बघा, आपल्याकडे टेलिस्कोप तेव्हाच होता!' मला हे अजिबात पटत नाही. दुर्बीण माणसाने डोकं चालवून, घाम गाळून उभी केली. दिव्य चक्षू अर्जुनाला दिला गेला. दोन्ही एकच म्हटलं की दोन्हींचा मान जातो. पण श्लोकाचा पहिला भाग, 'या डोळ्यांनी नाही', तो मात्र खगोलशास्त्रज्ञ रोज जगतात.

लांब जायला नको. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून आत खोडद. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ तीन हातांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडी म्हणजे भरीव पत्रा नाही, दोरांच्या सांगाड्यावर ताणलेली तारेची जाळी. रेडिओ लहरी इतक्या लांब असतात की जाळीची भोकं त्यांच्या खिजगणतीतही नसतात. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. (इंजिनिअर म्हणून या डिझाइनला माझा दंडवत!) प्रत्येक तबकडीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक जोडी एकमेकींशी ताडून बघतात. तिसांच्या जोड्या होतात ४३५. तेव्हा कुठे चित्र तयार होतं. आणि हो, तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो. आकाशातून येणारं इतकं क्षीण असतं की आपल्या खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल.

किती क्षीण? हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची एक लहर सोडतो. एकटा अणू आपणहून ती सोडायला सरासरी सुमारे १ कोटी वर्षं लावतो! तरीही १९५१ मध्ये ती लहर पकडली गेली, कारण अणू अगणित आहेत. याच खोडदच्या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर पकडल्याचं २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालं. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, त्यामुळे पोचेपर्यंत ती २१ ची ४८ सेंटिमीटर झाली होती. आणि मध्ये आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती ठळक केली, म्हणून सापडली.

हे सगळं आज लिहायला कारण एक मेल आहे. एका वाचकाने लिहिलंय: 'दादा, आई जाऊन आठ महिने झाले. तिची पूजा मी चालू ठेवली आहे. पण बसलो की काहीच वाटत नाही. मी नाटक करतोय का?'

मित्रा, तुला 'श्रद्धा ठेव, सगळं ठीक होईल' असं लिहिणं सोपं होतं. मला ते जमलं नाही.

एवढं सांगतो. क्षीण स्रोताचा एका तासाचा डेटा उघडलास तर त्यात नुसता नॉइज दिसतो. तासांवर तास जमा होतात, नॉइज हळूहळू खाली बसतो, मग काहीतरी डोकं वर काढतं. त्या पहिल्या कोऱ्या तासाला कुणी नाटक म्हणत नाही. तोही बेरजेत धरलेला असतो.

उपमा इथे सोडतो, कारण देव म्हणजे तास मोजून पकडायचा स्रोत नाही. याच अध्यायाच्या शेवटी भगवंत सांगतात की हे दर्शन वेदांनी, तपाने, दानाने, यज्ञाने मिळत नाही, अनन्य भक्तीनेच मिळतं.

अजून एक गोष्ट मात्र दुर्बिणीकडून घेण्यासारखी आहे. अंधूक काही बघताना निरीक्षक मध्ये मध्ये दुर्बीण एखाद्या ओळखीच्या, ठळक स्रोताकडे वळवतात. त्याला कॅलिब्रेटर म्हणतात. त्याच्यावरून यंत्र जुळवून घेतात आणि परत अंधाराकडे जातात. अर्जुनाचं बघ. विश्वरूप पाहून तो घाबरला, तुला सखा म्हणून थट्टेत काहीबाही बोललो म्हणून माफी मागू लागला, आणि शेवटी त्याने काय मागितलं? नेहमीचं, ओळखीचं रूप. भगवंत रागावले नाहीत. लगेच दाखवलं.

तुझ्याकडे ओळखीचं काय आहे? आई वात कशी वळायची, फुलं कुठल्या हाताने वाहायची, कुठली आरती घाईत म्हणायची. उद्या विश्वरूप राहू दे. पूजेला बसलास की तेवढंच आठव. रडू आलं तर येऊ दे. नाही आलं तरी वात लाव.

उद्या श्लोक ९. तिथे संजय बोलायला लागतो. महाभारतात व्यासांनी दिव्य दृष्टी आधी धृतराष्ट्राला देऊ केली होती आणि तो नको म्हणाला. का, ते उद्या बघू.