उरलेलं दूध

नव्या वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १९५७ च्या एप्रिलात आण्यांच्या जागी नवे पैसे आले. त्यानंतर काही वर्षांनी कृष्णाकाठच्या एका बाजारगावात लिटरचं माप पोचलं. गावात दूध गोळा करणारे शेठ एकच. भोवतालच्या वाड्यांवरच्या बाया पहाटे चरव्या घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. शेठ दूध मोजून घेत, शेराला आठ आणे देत आणि पुढे गावात विकत.

लिटरचं चकचकीत माप शेठनी सगळ्यांच्या आधी आणलं. म्हणाले, "सरकारी माप आहे. शेर म्हणा की लिटर म्हणा, नाव तेवढं बदललं. भाव तोच. आठ आणे, म्हणजे ५० नवे पैसे." बायांना आण्या-पैशांचंच कोडं अजून सुटलं नव्हतं, त्यात हे दुसरं. गावात विकायला मात्र शेठनी जुनं पितळी शेराचं मापच ठेवलं. गिऱ्हाइकाला त्याची सवय आहे, असं त्यांचं म्हणणं.

शेठचा मुलगा सातवीत होता. शेर म्हणजे ८० तोळे आणि तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त, हे कोष्टक त्याला पाठ. लिटरभर दूध तागडीत सुमारे १,०३० ग्रॅम भरतं. त्याने भागाकार केला, ८८ तोळे आले. म्हणजे दर लिटरमागे आठ तोळे वर. दहा लिटर घ्यायचे नि अकरा शेर विकायचे. त्याने पाटी बापापुढे धरली. "शाळेतलं शाळेत ठेव," म्हणून बापाने ती पुसून टाकली.

हा हिशेब येणारे गावात आणखीही होते. मास्तर होते, तलाठी होते. पण त्यांच्या घरी दूध जुन्याच मापाने, जुन्याच भावाने येत होतं. त्यांना विचारायचं कारण पडलं नाही.

वरच्या वाडीच्या म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिची म्हैस मात्र रोज चार शेर द्यायची, आणि नवं माप आल्यापासून साडेतीनाच्या थोडंच वर भरत होतं. दोन महिने तिने म्हशीलाच बोल लावला, पेंड वाढवली. मग एका पहाटे ती म्हणाली, "शेठ, ते पितळेचं माप द्या जरा."

"कशाला, आजी?"

"बघती."

तिने लिटर भरला आणि शेरात ओतायला लागली. शेठ घाईने म्हणाले, "वर फेस आहे तो."

"बसू द्या की. मला कुठं घाई हाय?"

मागच्या बायाही थांबल्या. फेस बसला. शेर काठोकाठ भरला, तरी लिटरच्या मापात दूध उरलं. तिने ते छटाकाच्या मापात घेतलं. एक छटाक भरून अर्ध्याहून जास्त झालं.

"हे कुनाचं, शेठ?"

"दशांशाचा हिशेब आहे, आजी, तुम्हाला कळायचा नाही."

"हिशेब न्हाई इचारला. दूध कुनाचं, ते इचारलं."

लिटरला यात बोल लावता येत नाही. शेरही मुलखामुलखात वेगळा असे; घ्यायचा एक, द्यायचा दुसरा असे दोन शेर बाळगणारे व्यापारी तेव्हाही होते. हीच बजबजपुरी मोडायला नवी मापं आली होती. शेठनी फक्त बदलाच्या मधली फट आधी हेरली.

दुसऱ्या दिवसापासून लिटरला ५५ नवे पैसे भाव ठरला. आकडा शेठच्या मुलाने सांगितला, पाटी न घेता. मागच्या दोन महिन्यांच्या फरकाचं म्हातारीने विचारलं, तेव्हा शेठ म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. ते पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत.