१० नंबरचा पाना
आमचे हेडकॅशियर वयाच्या ६०व्या वर्षी निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून रंधा, गिरमिट आणि पान्यांचा अख्खा संच घेऊन आले. घरात लाकडी म्हणावा असा एक पोळपाट! मी पडलो कॉमर्सवाला. म्हटलं, "साहेब, नुसत्या पडून राहिलेल्या वस्तूलाही घसारा लागतो बरं!"

"माणसालाही लागतो," ते म्हणाले.

इतक्यात शेजारचा पोरगा दारात. "आजोबा, १० नंबरचा पाना आहे?" साहेब असे उठले, जणू काउंटरवर रांगच लागलीय!

नको ती वस्तू घेणं ही उधळपट्टी, हे मला पटतं. पण आपण कुणाला तरी हवं असणं, हे कुठल्या खात्यात टाकायचं?

माझ्या निवृत्तीला अजून १४ वर्षं आहेत. परवा मी एक पक्कड घेतली. सहज.