वाट चुकली ती नेमकी कोठे?

मनुष्य चुकतो, हे सांगावयास कोणा तत्त्वज्ञाची गरज नाही. परंतु चूक कोठे संपते आणि दोष कोठे सुरू होतो, हा प्रश्न तितका सोपा नाही. अजाणता घडलेल्या चुकीबद्दल आपण कोणास अपराधी ठरवीत नाही. तरीही पुष्कळदा अजाणता पडलेल्या एका पावलातून वर्षानुवर्षांचा अन्याय उभा राहतो. मग जबाबदारी कोणत्या पावलाची धरावयाची? पहिल्या, की त्यानंतरच्या? या प्रश्नाचा विचार आम्हांला ग्रंथांपेक्षा एका शर्यतीने अधिक करावयास लावला. त्या शर्यतीत आम्ही जवळजवळ शेवटचे आलो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

त्या खेळाचे नाव ओरिएंटिअरिंग. हाती नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानात शिरावयाचे, नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली ठिकाणे ठरलेल्या क्रमाने गाठावयाची आणि कमीत कमी वेळात परतावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याचे मूळ उत्तर युरोपातील सैनिकी शिक्षणात सापडते. नागरिकांसाठी पहिली स्पर्धा नॉर्वेत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. पुढे १९१९ मध्ये एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश सैनिकी अधिकाऱ्याने स्टॉकहोमजवळ भरविलेल्या स्पर्धेत दोनशेहून अधिक जण धावले आणि हा खेळ जनसामान्यांचा झाला. १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९६६ मध्ये फिनलंडमधील फिस्कार्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. तिकडे आजोबा आणि नातवंडे एकाच रानात, आपापल्या वयाला झेपेल अशा मार्गावर धावताना दिसतात.

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला राहणाऱ्या मुलाकडे आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो. त्याच्या आग्रहाखातर नवशिक्यांच्या मार्गावर आम्हीही नाव नोंदविले. येथील स्पर्धक काही मिनिटांच्या अंतराने एकेकटे सोडले जातात. दुसऱ्याच्या पाठोपाठ धावून भागू नये, हा त्यातील हेतू. नकाशा एकास दहा हजार प्रमाणाचा होता, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे शंभर मीटर. नवख्याला प्रथम गोंधळात टाकतात ते त्यावरचे रंग. हिरवा म्हणजे झाडी असे आपण समजतो. येथे मात्र सहज धावता येईल असे रान पांढरे असते, हिरवा जितका गडद तितकी झाडी दुर्गम, आणि पिवळा म्हणजे मोकळी जमीन. तपकिरी समोच्च रेषा चढउतार सांगतात. प्रत्येक ठिकाणी नारिंगी व पांढऱ्या रंगाचे कापडी निशाण टांगलेले असते आणि त्यावर एक क्रमांक असतो. तो आपल्या हातातील यादीशी जुळला, तरच ते निशाण आपले.

पहिली तीन ठिकाणे आम्ही सुखरूप गाठली. चौथे एका टेकडीच्या सोंडेपलीकडील घळीत होते. पाऊलवाटेच्या फाट्यावरून रानात शिरताना आम्ही होकायंत्राकडे नीट पाहिले नाही, आणि पावले थोडी उजवीकडे वळली. नकाशाप्रमाणे डाव्या हातास एक लहानशी दलदल लागावयास हवी होती. ती लागली उजव्या हातास. आम्ही मनाशी म्हटले, पावसाने पाणी पसरले असेल. नकाशावर दोन मोठे धोंडे होते. आम्हांला एकच दिसला. दुसरा नेच्यांच्या झुडपांत दडला असेल, असे आम्ही ठरविले. पुढे सोंड आली, सोंडेपलीकडे घळ आली आणि घळीत निशाणही दिसले. हर्षाने आम्ही जवळ गेलो. आमच्या यादीत क्रमांक त्रेचाळीस होता. निशाणावर होता सत्तेचाळीस. वाचकहो, सांगावयास लाज वाटते, पण क्षणभर आमच्या मनात आले की यादीच चुकीची छापली असावी!

ती निराळ्याच मार्गावरील स्पर्धकांची खूण होती. आमची सोंड शेजारची होती. तशीच, तितकीच, जवळपास त्याच दिशेने उतरलेली. एका खुणेऐवजी तिच्यासारखीच दिसणारी शेजारची खूण खरी धरून चालणे, ही या खेळातील जुनी आणि परिचित चूक आहे. म्हणूनच जाणकार सांगतात, की आधी नकाशा वाचावा, पुढे काय दिसले पाहिजे ते ठरवावे आणि मग जमिनीकडे पाहावे. जो आधी जमीन पाहतो आणि मग नकाशात तिचे साम्य शोधतो, त्याला साम्य सापडतेच. कारण मन ते पुरविण्यास तत्पर असते.

त्या दिवशी आमची सव्वीस मिनिटे गेली. शर्यत संपल्यावर मुलाने उपदेश केला नाही. त्याने एवढेच विचारले, "पप्पा, तुम्ही शेवटी खात्रीनं कुठं होता?" आम्ही म्हणालो, "त्या फाट्यावर." तो म्हणाला, "मग तिथंच परत जायचं होतं."

फाट्यावर पाऊल उजवीकडे पडले, ती चूक. तिच्याबद्दल कोणीही आम्हांला बोल लावणार नाही. परंतु दलदल आपल्याशी बोलत होती, तो एकटा धोंडा बोलत होता, आणि आम्ही त्यांना गप्प केले. तेथे चुकीचा दोष झाला. नेत्राला दिसलेले मनाने नाकारले. जबाबदारी पहिल्या पावलापेक्षा त्या नकाराची आहे.

येथे एका थोर विचारवंताचे मत आड येते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विचारपद्धतीविषयीच्या ग्रंथात रानात वाट चुकलेल्या प्रवाशाचे उदाहरण दिले आहे. अशा प्रवाशाने इकडेतिकडे भटकू नये, एका जागी बसूही नये, तर एकच दिशा धरून सरळ चालत राहावे. इच्छित स्थळी नव्हे तरी रानाबाहेर कोठे तरी तो पोहोचेलच, असे त्याचे म्हणणे. जीवनात निर्णय थांबवून चालत नाही आणि निश्चित ज्ञान तर हाती नसते, अशा वेळी धरसोड करू नये, हा त्यामागील आशय आहे, आणि तो टाकाऊ नाही.

तथापि या सल्ल्यात एक गृहीत आहे: मनुष्य ठरविले तर सरळ चालू शकतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जर्मनीतील बीनवाल्ड या सपाट अरण्यात काही जणांना सरळ चालावयास सांगितले होते. सूर्य दिसत असता ते बऱ्याच अंशी सरळ चालले. ढगाळ दिवशी मात्र चालणारे गोल फिरत राहिले, आणि काहींनी स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली, तरी ते त्यांच्या ध्यानात आले नाही. आपण सरळ चाललो आहोत, असेच त्यांना वाटत होते. बाहेरचा आधार तुटला, की निश्चय कितीही दृढ असो, पावले वर्तुळात फिरू लागतात. शिवाय देकार्तच्या प्रवाशाजवळ नकाशा नव्हता. ज्याच्या हाती नकाशा आहे आणि मागे एक खात्रीची जागा आहे, त्याने पुढे चालत राहणे हा निश्चय नव्हे, तो हट्ट होय.

हे सारे आम्हांला इतके लागले, त्याचे कारण रानातले नव्हते, घरातले होते. वडिलांच्या पश्चात जमिनीचा एक कागद सापडेना. तो धाकट्या बंधूंनी ठेवून घेतला, असे कोणी तरी आमच्या कानी घातले. पुढील सहा वर्षे आम्ही त्याच समजुतीवर चाललो. ते आमच्या मुलीच्या लग्नाला आले नाहीत, तेव्हा आम्ही म्हणालो, मन खात असेल. मावशीच्या मातीला आले, तेव्हा म्हणालो, लोकलाजेस्तव आले. न येणे हाही पुरावा आणि येणे हाही पुरावा! दलदल डावीकडे असो वा उजवीकडे, आमची वाट बरोबरच.

परदेशातून परतल्यावर मुलाचा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. शेवटी खात्रीने आम्ही कोठे होतो? वडिलांची माती झाली त्या संध्याकाळी, ओटीवर, दोघे भाऊ न बोलता शेजारी बसलो होतो तेथे. त्यानंतरचे सारे ऐकीव होते. त्यांना आम्ही एकदाही विचारले नव्हते. तेव्हा गेलो आणि विचारले. कागद आमच्याकडे आहे, असे ते सहा वर्षे समजत होते! तो कागद आजही सापडलेला नाही. परंतु त्या दिवशी वहिनींनी चहा ठेवला आणि तो आम्ही घेतला.

मागे फिरणे नेहमी स्वस्त असते, असे आमचे म्हणणे नाही. सव्वीस मिनिटे परत मिळाली नाहीत. सहा वर्षेही मिळणार नाहीत, आणि त्या काळात चुलत भावंडे एकमेकांना न ओळखता मोठी झाली. मात्र जितके पुढे जावे तितके परतणे महाग होत जाते, एवढे निश्चित.

या खेळातील एक रीत आम्हांला विशेष भावली. शर्यत संपल्यावर स्पर्धक नकाशा उघडून आपण प्रत्यक्ष कोणत्या वाटेने गेलो ती रेघ त्यावर ओढतात आणि कोठे किती मिनिटे गेली ते मांडतात. जिंकलेलेही हे करतात. संत इग्नाशियस लोयोला हेही मूळचे सैनिक. त्यांनी आध्यात्मिक साधनेच्या आपल्या पुस्तकात दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करून, एखादा दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर मांडण्यास सांगितले आहे. आपल्या घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर क्षणभर असे मागे वळून पाहावयास काय हरकत आहे? आपण किती वेळा चुकलो, याची मोजदाद एवढ्यासाठी नव्हे. आज आपल्याला काय दिसले होते आणि आपण ते कसे समजावून टाकले, एवढे जरी आठवले, तरी उद्याच्या फाट्यावर पाऊल थोडे थबकेल.