वालाचे पाच दाणे

आवणीचे दिवस. ठाकुरवाडीतली धडधाकट माणसं खाचरात, घरी म्हाताऱ्या आणि पोरं. अशात दोन घरांत दोन पोरं आजारी पडली. तीन वर्षांचा मुलगा तापानं फणफणलेला, नाक वाहतंय आणि रडून वाडी डोक्यावर घेतलेली. पलीकडच्या घरातली आठ महिन्यांची मुलगी दोन दिवस खोकली आणि आता गप पडली होती. लोक अर्थातच मुलाच्या दारात जमले. आशाताईलाही आधी तिथंच ओढलं.

ताईनं त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं, पोट उघडं केलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बत्तीस. पेज दिली तर घटाघट प्याला. पावसाळ्यातला ताप म्हणून तिनं बोटातलं रक्त काचेवर घेतलं, तापाचं औषध दिलं. "पिणं सोडलं, झटका आला, धाप लागली, तर लगेच हाक मारा," म्हणाली.

निघताना पलीकडच्या आजीला विचारलं, "नात कशी आहे?"

"गुणाची हाय. निजलीय. ताप बी नाय."

ताईनं झबलं वर केलं. पोट भराभर हलत होतं आणि दर श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती.

"आजी, तुम्हीच मोजा."

"मला कुठं शंभर येतात?"

"दहा येतात ना? दहा झाले की एक दाणा टाका."

ही युक्ती ताईची नव्हे. 1988 च्या सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं न्यूमोनिया ओळखायला गावातल्या सुइणींनाही शिकवलं, तेव्हा मोजता न येणाऱ्यांसाठी असंच मण्यांचं साधन केलं होतं. इथं मणी नव्हते, वाल होते.

दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला साठ, वर्षाच्या आतल्याला पन्नास, पाच वर्षांच्या आतल्याला चाळीस. श्वास तिथवर गेले की दवाखाना. आजीचा पाचवा दाणा सुपात पडला तेव्हा मिनिट संपायला दहा सेकंद बाकी होते.

"पण ताप नाय ना," आजी पुटपुटली. सुनेनं मुलीला छातीशी धरलं. तिनं एकदा तोंड लावलं आणि सोडून दिलं. आजीनं परत सुपात पाहिलं.

मुलीचा बाप खाचरातून आला तो चिखलाच्या पायांनी. "पाऊस उघडला की जाऊ," म्हणाला. त्याचंही खरंच होतं; लावलेली माणसं आणि उपटलेली रोपं थांबत नाहीत. आजीनं मात्र दाणे त्याच्या हातावर ठेवले. "आत्ता झोळी बांध. रोपं मी बघते."

ताईनं 108 ला फोन केला. गाडी वाडीपर्यंत चढत नाही, म्हणून चौघांनी झोळी खाली सडकेला नेली. कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोचताच ऑक्सिजन लावला, सुया सुरू झाल्या. न्यूमोनियाच होता. मुलगी काही दिवसांनी घरी आली ती रडतच, आणि त्या आवाजानं आजीला बरं वाटलं.

मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. रक्तातही हिवताप निघाला नाही. त्याच्या आईचा राग मात्र अजून आहे. एवढा रडला, तरी गाडी बोलावली ती त्या मुक्या पोरीसाठी!