राणीची शाबासकी

इ. स. १५६६ च्या ऑगस्टअखेर इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या भेटीस आली. स्वागतपर भाषणे, नाटके, वादसभा यांत जवळजवळ आठवडा गेला. सेंट मेरी चर्चमधील वादसभेत सव्वीस वर्षांचा एडमंड कॅम्पियन उभा राहिला. विषय तसा निरुपद्रवी, चंद्र आणि समुद्राची भरती. त्याने लॅटिनमध्ये राणीची स्तुती केली व मग विषय मांडला. राणी प्रसन्न झाली. कुलपती लेस्टर यांनी त्याला आश्रय देऊ केला.

या स्तुतीत पाप होते काय? मला तसे वाटत नाही. राज्यकर्त्यांना मान द्यावा, असे संत पौलानेही रोमकरांस लिहिले आहे. खरा प्रश्न शाबासकीनंतरचा आहे. राणीला धर्मसत्तेची प्रमुख मानणारी शपथ कॅम्पियनने आधीच घेतली होती; मन मात्र जुन्या श्रद्धेकडे ओढ घेत होते. तरीही १५६९ मध्ये त्याने अँग्लिकन डीकनपद स्वीकारले, आणि ते त्याच्या अंतःकरणाला बोचत राहिले. दरडावणाऱ्यापुढे माणूस निदान सावध असतो. पाठीवर हात ठेवणाऱ्याला नकार देताना जीभ उचलत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मंत्रिमहोदय देणगी जाहीर करतात, तेव्हा व्यवस्थापक मंडळाची काय अवस्था होते, हे आपण पाहतोच!

अखेर तो निघाला. डुए, रोम, येशूसंघ, मग प्रागमध्ये गुरुदीक्षा. १५८० मध्ये फादर कॅम्पियन वेष पालटून मायदेशी परतले. आपल्या 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स आदल्याच वर्षी गोव्यास पोहोचले होते. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांच्याच हाती फादर कॅम्पियन यांनी आपले निवेदन सोपविले.

२७ जून १५८१ रोजी ऑक्सफर्डची मंडळी सेंट मेरी चर्चमध्ये जमली, तेव्हा बाकांवर फादर कॅम्पियन यांची 'दहा कारणे' ही लॅटिन पुस्तिका ठेवलेली होती. चर्च तेच होते. या वेळी स्तुतीस पात्र ठरण्याची आशा लेखकाला नव्हती.

पुढच्याच महिन्यात ते पकडले गेले. छळ झाला, राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला आणि १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्न येथे त्यांना देहदंड झाला. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद दिले. वधस्थानी ते राणीसाठी प्रार्थना करू लागले, तेव्हा कोणत्या राणीसाठी, असे त्यांना विचारण्यात आले. एलिझाबेथसाठी, जी तुमची राणी आहे आणि माझीही, असे त्यांनी उत्तर दिले.