काळोखातले सात पीळ

बॅटरी विझवा.

मार्गशीर्षातली अमावास्या आहे. चाकूरचे दिवे मागे राहिलेत. रात्रीची लाईट आहे म्हणून हरभऱ्याला पाणी चाललंय. बांधावर पोतं टाका, बसा. मोबाइल पालथा ठेवा.

काही दिसत नाही. असू द्या.

वाळत आलेल्या तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. लातूर-नांदेड रस्त्यावरून एक ट्रक जातो. त्याच्याकडे पाहू नका. त्या उजेडाने पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल.

श्वास घ्या. सोडा.

डोळे सरावायला अर्धा तास लागतो, कधी थोडा जास्त. घाई करून तो कमी होत नाही. या अर्ध्या तासात डोळ्यात जे चालतं, त्याच्याजवळ बसू या.

दृष्टिपटलावर दंडपेशी आहेत, एकेका डोळ्यात सुमारे बारा कोटी. अंधारात पाहणं त्यांचं काम. त्यातली एकच घ्या. तिच्यात चकत्यांची चळत आहे. प्रत्येक चकतीला पातळ, स्निग्ध पटल आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्या पटलाचा तेलकट गाभा त्यातल्या जेमतेम तीन भागांएवढा.

या गाभ्यात पाणी नाही. इथे थांबा जरा.

पेशीच्या आत प्रथिनाची एक साखळी तयार होते. ३४८ अमिनो आम्लं, एकामागून एक. साखळी विणली जात असतानाच तिचे तेलकट तुकडे पटलात शिरतात.

आजूबाजूला पाणी असतं, तर साखळीचा कणा पाण्याला धरून राहिला असता. इथे धरायला कोणी नाही. म्हणून तो स्वतःलाच धरतो. प्रत्येक कडी चार घरं पुढच्या कडीशी हायड्रोजन बंध जुळवते, आणि साखळीला पीळ पडतो. एका वळशात ३.६ अमिनो आम्लं. वीसेक आम्लांत पीळ पटलाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोचतो.

एक पीळ. मग दुसरा. असे सात.

श्वास घ्या. सात पीळ उभे आहेत, अजून सुटे.

मग ते एकमेकांकडे सरकतात. आधी पीळ, मग जुळणी, अशी दोन पावलं झाँ-ल्यूक पोपो आणि डोनाल्ड एंगेलमन यांनी १९९० मध्ये मांडली. पुढे त्यात अपवाद सापडले. आपल्याला आज रात्री ही दोन पावलं पुरतात.

कडब्याची पेंढी आठवा. ताटं एकमेकांना टेकून उभी. पण पेंढीला बांधावं लागतं. इथे बंध बाहेरून येत नाही. ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल. ते जिथे येतं, तिथे दोन पिळांना अगदी जवळ यायला जागा होते. जवळ आले की क्षीण ओढीही पुरतात. काही पीळ मध्येच किंचित वाकलेले असतात. तेही सामावतात.

हे झालं ऱ्होडॉप्सिन. सातांच्या मधोमध एक पोकळी, आणि तिच्यात रेटिनल नावाचा छोटा, वाकडा रेणू. जीवनसत्त्व अ पासून बनलेला.

प्रकाशाचा एक कण येतो. रेटिनल सरळ होतो, सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आत. सहावा पीळ बाहेर सरकतो. पेशीला कळतं.

नंतर रेटिनल सुटून जातो. पोकळी रिकामी. दुसरा वाकडा रेटिनल येऊन बसेपर्यंत ते ऱ्होडॉप्सिन पुन्हा कामाला येत नाही. तुम्ही बसला आहात, तोवर अशा असंख्य पोकळ्या भरत आहेत. तुम्हाला काही करायचं नाही.

आता वर पाहा. कृत्तिका शोधा. थेट नको; नजर जरा बाजूला ठेवा. नजरेच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतात. बाजूने पाहिलं की पुंजका उजळतो.

पाहत राहा.

काही घराण्यांत ऱ्होडॉप्सिनच्या साखळीतलं २३व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. पीळ पडतात, पण जुळणी बिघडते. हळूहळू दंडपेशी मरतात. रातांधळेपणापासून सुरुवात होते. अशा माणसाने याच बांधावर पूर्ण रात्र काढली, तरी त्याला कृत्तिका दिसतीलच असं नाही. क्षणभर त्याच्यासोबतही बसा.

श्वास सोडा.

नव्या चकत्या रोज चळतीच्या बुडाशी तयार होतात आणि वर सरकत जातात. टोकाला पोचायला सुमारे दहा दिवस. आजच्या चकतीतले सात पीळ तिथे जातील, तेव्हा पौष शुद्ध दशमीचा चंद्र असेल आणि या शेतात बॅटरी लागणार नाही. मग एका सकाळी उजेड झाल्यावर ती चकती गळेल, आणि शेजारची पेशी तिला गिळून टाकेल.